नारूसाहेबांचा पाय

नारूसाहेब उकळलेला चहासुद्धा फडक्यातून गाळून पीत. फडके घट्ट विणीच्या धोतराचे होते, चौपदरी, चारही कडा दुमडून शिवलेल्या. ते कोटाच्या वरच्या खिशात असे. बीदरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी ते पेल्यावर ताणले की शेजारचे लोक आपला चहा हातात तसाच धरून बघत राहत. एकदा मी त्यांना विचारले की उकळत्या चहात कोणता किडा जिवंत राहतो. ते म्हणाले, "कोणताच नाही. पण सवयीला चहा आणि पाणी यांतला फरक शिकवत बसलो, तर ती एक दिवस पाण्यालाही सूट देईल."

आम्ही दोघे हैदराबाद राज्याच्या आरोग्य खात्यात होतो. मी सॅनिटरी इन्स्पेक्टर; ते सूक्ष्मदर्शक घेऊन जिल्हाभर फिरणारे नारूचे तपासनीस. त्यांचे खरे नाव हजेरीपटाबाहेर कोणी उच्चारत नसे. ज्यांनी नारू पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको. बाकीच्यांसाठी दोन ओळी लिहितो. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा असतो. त्याच्या पोटात नारूची अळी असते. असे पाणी गाळल्याशिवाय प्यायले की सुमारे वर्षाने हातभर लांब, दोऱ्यासारखा जंत पायातून बाहेर येतो. तो पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडला की जंत नव्या अळ्या पाण्यात सोडतो आणि सगळे पुन्हा सुरू होते. नेमक्या पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता माणूस बाजेवर पडतो. यावर औषध नव्हते. फडके होते, आणि विहिरीच्या पायऱ्या बुजवणे होते.

त्यांचे घर बीदरच्या बाजारातले, लिंगायत, आडतीचा धंदा. वडिलांना मुलगा गादीवर हवा होता. मुलगा हैदराबादेला जाऊन विज्ञान शिकून आला, तेही उर्दूतून. त्यामुळे आईशी मराठी, दुकानात कन्नड आणि सूक्ष्मदर्शकाशी उर्दू अशी त्यांची वाटणी होती. नळीला डोळा लावून ते स्वतःशी पुटपुटत, "मियाँ, जरा इधर." सायक्लॉप्स काचेखाली आला की त्याला अहो-जाहो करीत. शत्रूचा अपमान केला की त्याचा अभ्यास होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरे वेड हॉकीचे. किल्ल्याबाहेरच्या तांबड्या माळावर आमचा संघ खेळे आणि ते सेंटर हाफ, म्हणजे बचाव आणि आघाडी यांच्या मधोमध, असत. त्यांच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. मायक्रोस्कोप पुसता पुसता ते म्हणत, "हाफबॅकची फळी म्हणजे काय, इन्स्पेक्टर? चौपदरी फडकं. गोलकीपरवर विसंबणारा संघ आणि औषधावर विसंबणारं गाव, दोन्ही हरतात." दौऱ्यावर ते हॉकीची काठी बरोबर घेत. ती विहिरीच्या पायरीवर आडवी ठेवून तिच्यावर बसत आणि पाण्याचे नमुने भरत. कारकून हसत. मी हसत नसे. मला ते योग्यही वाटत नसे.

अठ्ठेचाळीसच्या आधी संघात करीम नावाचा लेफ्ट-इन, आघाडीत डावीकडे खेळणारा, होता. हळ्ळीखेडच्या पुढे धनगरांची एक वाडी आहे, तिथला. वाडीचे नाव लिहीत नाही. नारूसाहेब चेंडू न बघता डावीकडे ढकलत आणि करीम तिथे असे. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात, निजामाचे राज्य पडले त्या दिवसांत, करीम गेला. कसा, हेही लिहीत नाही; आमच्या भागात ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. त्याची म्हातारी आई मागे राहिली. वाडीतले मुसलमानाचे ते एकच घर. सगळे तिला खाला म्हणत. वाडीने तिला राहू दिले, कारण पायातला नारू लिंबाच्या काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायला तिच्याइतका हलका हात पंचक्रोशीत नव्हता. तिला घरी बोलावीत, पाय तिच्या मांडीवर ठेवीत. तिच्या घरचे पाणी मात्र कोणी पीत नसे.

त्या वाडीत पायऱ्यांची एकच विहीर होती आणि उन्हाळ्यात घरटी एक तरी पाय निघालेला, म्हणजे नारू बाहेर आलेला, असे. विहिरीच्या पायऱ्या बुजवून वर कठडा बांधायचा आणि रहाट बसवायचा, एवढेच नारूसाहेबांना हवे होते. सिमेंट आणि गवंडी खाते देणार होते. वाडीने हो म्हणायचे होते. वाडी म्हणत नव्हती. तळच्या पायरीजवळ देवाचा कोनाडा होता. नवरा-नवरी पाण्यात उतरून तिथे हळद वाहत. मेंढरेही तिथेच उतरत.

तेव्हा त्यांनी वाडीला हॉकी शिकवायला घेतली. धनगरांच्या हातात आकडी आधीच होती; मेंढराच्या पायात अडकवून त्याला ओढायची लांब काठी. पहिल्या दिवशी चेंडूपेक्षा पायच जास्त अडकले. मल्लप्पा नावाचा दांडगा गडी होता. त्याने आमच्या कंपाउंडरला आकडीने धरून आडवा केला आणि म्हणाला, "साहेब, ह्ये मेंढरू तर लईच हालकं हाय." कंपाउंडर पुन्हा आला नाही. बाकीचे शिकले, आणि चांगले शिकले. दिवसभर माळावर चालणाऱ्या माणसांना दम लागत नसे.

पाटील कट्ट्यावर बसून खेळ बघे. एकदा त्याने विचारले, "साहेब, तुमी खेळाला येताव का इहिरीला?"

"दोन्हीला, पाटील."

"मंग खेळ शिकवा. इहीर आमची आमाला कळती."

"विहीर कळते, तर तुमच्या पायाला काय झालंय?"

पाटलाच्या पोटरीला पट्टी होती. तो म्हणाला, "ही शिर हाय. उष्णतेनं सुटती."

नारूसाहेबांनी वाद केला नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शक कट्ट्यावर मांडला आणि विहिरीचा थेंब दाखवला. पाटील बराच वेळ एक डोळा मिटून बसला. मग म्हणाला, "येवडासा किडा, अन् माज्या पायात गजभर कामून व्हतो?"

"वर्षभर तुमच्या घरी जेवतो."

लोक हसले. पाटीलही हसला. मला वाटले, निम्मे काम झाले.

त्या चैत्रात वाडीचा आणि बीदरच्या आमच्या संघाचा सामना वाडीच्या माळावर झाला. बरोबरी झाली. वाडीने ती जिंकल्यासारखी साजरी केली आणि त्या भरात पाटलाने शब्द दिला. ज्यांना पटते ती घरे वर्षभर फडक्यातून गाळून पाणी पितील. पुढच्या साली पेरणीआधी विहिरीवर बैठक बसेल. फडक्याच्या घरात एकही नारू निघाला नाही, तर पायऱ्या बुजवायच्या. निघाला, तर विहिरीचे नाव पुन्हा काढायचे नाही.

"अन् साहेब, तुमी बी फडक्यावालेच," पाटील म्हणाला. "तुमाला बी त्यातच धरायलाव आमी."

"धरा," नारूसाहेब म्हणाले. ते इतके खूश होते की त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तसे ते करीत नसत.

परतताना वाडीच्या टोकाला खाला दारात उभी होती. तिने हाक मारली, "करीम का यार ना तू? पानी पीके जा." आम्ही दारात थांबलो. तिने पितळी तांब्या आणला. घासून लखलखीत केलेला. देताना ती म्हणाली, "मेरे घर का कोई पीता नै, बेटा. देती तो बी नै लेते."

नारूसाहेबांचा हात खिशाकडे गेला होता. तिची नजर त्या हातावर होती. लिंगायताच्या मुलाने तिच्या तांब्यावर फडके ताणले असते, तर तिला त्याचा एकच अर्थ कळला असता. तिथे सायक्लॉप्स समजावून सांगणे शक्य नव्हते. हात रिकामा परत आला. त्यांनी तांब्या घेतला आणि उभ्याने संपवला. तिने तो पुन्हा भरला. मीही प्यालो. मला पुढे काहीही झाले नाही.

जीपमध्ये बसल्यावर ते मोजमाप करू लागले. "तांब्याभर पाण्यात सायक्लॉप्स असेलच असं नाही. असला तर त्याच्या पोटात अळी असेलच असं नाही."

"आणि असली तर?"

"वर्षानं कळेल."

वर्ष चांगले गेले. फडक्याची घरे वाढली. बायका आपसात फडक्यांच्या शिवणीवरून भांडू लागल्या, तेव्हा नारूसाहेब म्हणाले की आता हे आपले राहिले नाही, त्यांचे झाले. उन्हाळा लागला. फडक्याविना पिणाऱ्यांच्या घरी पाय निघू लागले. फडक्याच्या घरी एकही नाही. ते तालुक्याच्या गवंड्याशी कठड्याच्या उंचीबद्दल बोलून आले.

वैशाखात एका सकाळी ते कचेरीत आले आणि दार लोटून त्यांनी डावा मोजा काढला. घोट्यावर फोड होता. मी त्याकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "मियाँ आले."

लपवता आले असते. पेरणीपर्यंत वाडीला जायचेच नाही, असे करता आले असते. मी तसे सुचवले. "प्रयोगातला एक नमुना नको तसा निघाला म्हणून फेकून द्यायचा?" त्यांनी विचारले. नंतर म्हणाले, "तो फेकता येतो, तर मग मी इतकी वर्षं त्यांना काय शिकवत होतो?" रविवारी ते नेहमीप्रमाणे वाडीला गेले, लंगडत.

वाडीच्या संघाची एक रीत पडली होती. ज्याचा पाय निघालेला असेल त्याला पळता येत नसे, म्हणून त्याला गोलात उभे करीत. मल्लप्पाने साहेबांचा पाय पाहिला. थट्टा केली नाही. एवढेच म्हणाला, "पाय निघाला व्हय, साहेब? मंग आज गोलात जावा."

खालाने आधी पाय मांडीवर घेतला, लोणी लावले, जंताचे तोंड काडीला गुंडाळले आणि वर पट्टी बांधली. बजावले की पाय हलवायचा नाही. मीही सांगितले. नारूसाहेब म्हणाले, "जन्मभर सेंटर हाफ खेळलो. मागून खेळ कसा दिसतो ते बघू तर द्या." ते गोलात उभे राहिले. वाडी काठाला गोळा झाली होती. ती खेळ बघत नव्हती. पट्टी बघत होती. बराच वेळ चेंडू तिकडे आलाच नाही. मग एक खालून सरपटत आला आणि इतक्या वर्षांच्या सरावाने त्यांचा डावा पाय आपोआप आडवा गेला.

चेंडू अडला. जंत आत तुटला. तुटलेला नारू पायात सडतो. ते बीदरच्या दवाखान्यात तापात पडून राहिले, आणि उठले तेव्हा घोटा दगडासारखा झाला होता. तो पुन्हा वाकला नाही. हॉकी तिथे संपली. याबद्दल ते एकदाच बोलले. पायाकडे बघत म्हणाले, "सांध्यात चुना भरतो. रसायन साधं आहे."

बैठकीला ते कुबडी घेऊन आले. पेरणी तोंडावर होती, आभाळ नुसतेच भरून येत होते. विहिरीच्या काठावर सगळी वाडी बसली होती. खाला एका कडेला, बायकांच्याही मागे. पाटील वैऱ्यासारखा बोलला नाही. त्याला वाईट वाटत होते हे मी पाहिले.

"साहेब, आमी शबूद पाळला. ज्यांनी फडकं धरलं त्यांनी वरीसभर धरलं. अन् फडक्याच्या घरात पाय निघाला. तुमचाच."

"बाकी एकाही घरात निघाला नाही, पाटील."

"त्यांच्या नशिबानं. तुमी तर च्या बी गाळून पेताव. तुमाला निघतो, तर आमी देवाचा कोनाडा कामून बुजवायचा?"

मल्लप्पाला साहेबांची बाजू घ्यायची होती. तो म्हणाला, "साहेबानी कुटं तरी फडक्याबिगर पेलं असंल."

पाटील वळला. "व्हय का, साहेब?"

नारूसाहेब म्हणाले, "व्हय. एकदा."

"कुटं?"

"या वाडीत."

"कुनाच्या घरी?"

"ते सांगणार नाही."

तेवढ्यावर काम झाले असते, असे मला क्षणभर वाटले. पण लोक एकमेकांकडे बघू लागले. साहेबाला वाईट पाणी कोणी दिले, हा प्रश्न फडक्याच्या प्रश्नापेक्षा मोठा झाला. प्रत्येक जण आपल्या घरचे नव्हे म्हणून सांगू लागला. मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणाले, "कुनी काय घातलं असंल पान्यात, काय सांगावं," आणि माना हळूहळू एकाच कडेला वळल्या. अठ्ठेचाळीसला फार वर्षे झाली नव्हती. खाला हाताचा टेका देऊन उठत होती. तिला बोलायचे होते.

नारूसाहेब तिच्याआधी बोलले, मोठ्याने. "मी चुकीचं सांगितलं. तापापासून डोकं ठिकाणावर नाही. मी वाडीत फडक्याशिवाय कधीच प्यालो नाही. कुठंच प्यालो नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मंग इहिरीचं नाव सोडा, साहेब."

"सोडलं."

लोक उठले. कोणी रागावले नव्हते. मल्लप्पाने त्यांना हात देऊन जीपपर्यंत आणले. खाला मागून आली. तिने जीपच्या दांडीला धरून विचारले, "मेरेच घर का था ना, बेटा?"

"नै, खाला," ते म्हणाले. "आप के घर का पानी साफ था."

त्यांच्या तोंडून खोटे मी आयुष्यात त्या एका दिवशीच ऐकले.

वाटेत हळ्ळीखेड मागे पडले. मग म्हणालो की मी उभा राहून सगळे सांगायला हवे होते. ते म्हणाले, "काय सांगणार? त्या म्हातारीनं पाणी दिलं, ते बरोबर होतं. मी प्यालो, तेही बरोबर होतं. आणि त्यांच्यासमोर जेवढा पुरावा आहे, त्यावरून त्यांचा निष्कर्षही बरोबर आहे." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "चूक शोधतोय मी. सापडत नाही."

वाडीने फडकी सोडली. ती भाकरी बांधायला गेली. पुढच्या उन्हाळ्यात आदल्या साली सुटलेल्या घरांतूनही पाय निघाले, मल्लप्पाचे दोन्ही. खाला दिवसभर काड्या गुंडाळत असे. तिच्या दारी कोणाला पाणी प्यायची वेळ आली नाही, पण तिला कोणी वाडीतून काढलेही नाही. नारूसाहेब बैठकीनंतर वाडीला गेले नाहीत. त्यांनी दुसऱ्या कुठल्या गावातही विहिरीचा विषय काढला नाही. सूक्ष्मदर्शकावर काम करीत. चहा न गाळता पिऊ लागले.

छप्पन साली राज्य मोडले आणि आमच्या जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीरकडचा भाग मुंबई राज्यात, जहीराबादकडचा आंध्रात, बीदर म्हैसूरात. माणसांचीही तशीच वाटणी झाली. मी बीदरला राहिलो. त्यांना पायामुळे हैदराबादेत टेबलाचे काम दिले. नारू आता देशातून गेला असे सांगतात. ते काम दुसऱ्यांनी, पुष्कळ पुढे केले. त्या वाडीची विहीर कधी बुजली ते मला माहीत नाही. ते हैदराबादेत वारले हे मला कोणाकडून तरी उशिरा कळले.

ते हैदराबादेला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही किल्ल्याबाहेरच्या माळावर बसलो होतो. त्यांचा डावा पाय पुढे सरळ पसरलेला. नव्या पोरांचा संघ सराव करत होता. मला त्या खेळातले फार कळत नाही, पण सेंटर हाफ फार पुढे जाऊन उभा आहे आणि मागे माळ मोकळा पडला आहे, एवढे मलाही दिसत होते. पूर्वी नारूसाहेब अशा वेळी काठावरून ओरडून माणसाला जागेवर आणीत. समोरचा संघ असला तरी.

मी विचारले, "सांगू का त्याला?"

"राहू द्या," ते म्हणाले.

चेंडू त्या पोराच्या मागून निघून गेला. तो कुठवर गेला हे बघायला नारूसाहेबांनी मान वळवली नाही.